सत्तरीच्या मांडावर: वाळपईत मुक्काम ठेवून लोकसंगीत ऐकण्याचे आणि परिसर पाहण्याचे नियोजन

सह्याद्रीच्या पायथ्याशी, म्हादई नदीच्या खोऱ्यात वसलेले वाळपई हे सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. गोव्यात येणारे बहुतेक पाहुणे समुद्राकडे वळतात आणि लोकसंगीत म्हणून त्यांना ऐकायला मिळते ते मांडवी नदीतील बोटींवर संध्याकाळी होणाऱ्या तासाभराच्या कार्यक्रमातले. त्या कार्यक्रमांत देखणी, फुगडी, कुणबी नृत्य असे सारे थोडे थोडे दाखवले जाते आणि पहिली ओळख म्हणून ते वाईट नाही. परंतु ज्यांना हे संगीत जिथे उपजते तिथे, ज्यांच्यासाठी ते गायले जाते त्यांच्या सोबत बसून ऐकायचे आहे, त्यांनी सत्तरीची वाट धरावी असे मी आग्रहाने सांगेन.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घेतली पाहिजे. सत्तरीतील लोकसंगीताला तिकीट नसते आणि वर्षभर चालणारा प्रयोगही नसतो. प्रत्येक गीतप्रकाराला ठरलेली तिथी आहे, ठरलेली जागा आहे आणि ते म्हणणारी ठरलेली माणसे आहेत. म्हणून इथला प्रवास हॉटेलच्या आरक्षणापासून आखता येत नाही, तो पंचांगापासून आखावा लागतो. तिथी निश्चित झाली की मुक्काम, वाहन आणि दिवसा पाहायची स्थळे या बाकीच्या गोष्टी तिच्याभोवती सहज बसवता येतात.

आधी तिथी, मग तारीख

वर्षातील सर्वांत भरगच्च काळ शिगमोचा, म्हणजे फाल्गुनातल्या शिमग्याचा. गोव्यात शिगमोचे दोन भाग मानतात. धाकटा शिगमो फाल्गुन पौर्णिमेच्या आधीच्या काही दिवसांत होऊन पौर्णिमेला संपतो आणि तो प्रामुख्याने किनाऱ्याकडील जुन्या तालुक्यांत साजरा होतो. थोरला शिगमो पौर्णिमेपासून पुढे चालतो आणि पेडणे, डिचोली, सत्तरी अशा तालुक्यांत त्याचा जोर असतो. तेव्हा सत्तरीसाठी होळीच्या दिवशी पोहोचावे आणि पुढचे किमान चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत. रोमटाची वाजतगाजत निघणारी मिरवणूक, घोडेमोडणीचे नृत्य, रणमाले हे विधिनाट्य आणि काही गावांतील चोरोत्सवाचा विधी हे सारे याच दिवसांत येते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा असल्यामुळे नीट चौकशी केली तर एका मुक्कामात दोन-तीन गावांचे कार्यक्रम पाहून होतात.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. शासनाच्या पर्यटन खात्यातर्फे होळीनंतर गोव्यातील शहरांत शिगमोत्सवाच्या मिरवणुका निघतात आणि त्यांच्या तारखा आधीच जाहीर होतात. वाळपईतही अशी मिरवणूक होते. तिच्यात चित्ररथ असतात, रोमटाची पथके असतात, लोकनृत्यांच्या स्पर्धा असतात. ज्याने यातले काहीच पूर्वी पाहिलेले नाही त्याला एका संध्याकाळी अनेक प्रकारांची तोंडओळख होते, म्हणून ती अवश्य पाहावी. परंतु ही मिरवणूक म्हणजे गावचा शिगमो नव्हे. गावचा शिगमो देवळासमोर आणि मांडावर, म्हणजे उत्सवासाठी राखलेल्या पवित्र अंगणात होतो, त्याची तारीख गावकर, म्हणजे गावातील मानकरी मंडळी ठरवतात आणि ती वर्तमानपत्रात छापून येईलच असे नाही.

दुसरा काळ पौषातला, साधारणपणे डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंतचा. या महिन्यात चांदण्या रात्री गावोगावच्या स्त्रिया मांडावर धालो खेळतात. गावाच्या प्रथेप्रमाणे पाच, सात किंवा नऊ रात्री हा खेळ चालतो. हवा थंड आणि कोरडी असते, रस्ते चांगले असतात, दिवसा फिरायला उत्तम वेळ असते. कुटुंबासह येणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, मी पौषाचाच काळ सुचवेन.

भाद्रपदातील गणेश चतुर्थी हा तिसरा काळ. तेव्हा संगीत घराघरांत असते. घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या आरत्या एका घरून दुसऱ्या घरी जात रात्री उशिरापर्यंत चालतात. गोव्यात अनेक घरांचा गणपती दीड दिवसांचा असतो, त्यामुळे पहिल्या दोन रात्री हुकवू नयेत. गणपतीच्या वर बांधली जाणारी माटोळी सत्तरीत पाहण्यासारखी असते, कारण रान जवळ आहे. सुपारीचे घड, नारळ, तोरिंगे यांच्या जोडीला कांगलांसारखी रानफळे तीत बांधलेली दिसतात. चतुर्थीच्या आदल्या एक-दोन दिवशी वाळपई, साखळी आणि डिचोलीच्या बाजारात हे सामान विकायला येते. तो बाजार सकाळी लवकर पाहावा.

याखेरीज कार्तिकातील त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडतात. कार्तिकानंतरच्या जत्रांत रात्री दशावतारी काला होतो आणि चैत्रात साखळीच्या विठ्ठल मंदिरातील उत्सवात वीरभद्राचे सोंग निघते. श्रावणात भजनी सप्ताह असतात. पावसाळ्याचे पहिले दोन महिने मात्र संगीतासाठी सोडून द्यावेत. त्या दिवसांत गाव शेतीच्या कामात असतो.

काय ऐकणार आहोत, हे जाणून जावे

घुमट हे गोव्याचे वारसा वाद्य म्हणून 2019 मध्ये शासनाने घोषित केले. भाजलेल्या मातीचे मडक्यासारखे हे वाद्य दोन्ही बाजूंनी उघडे असते. रुंद तोंडावर चामडे ताणून दोरीने बांधलेले असते, तर अरुंद तोंड तसेच मोकळे ठेवलेले असते. वादक ते गळ्यात अडकवतो किंवा मांडीवर घेतो, उजव्या हाताच्या बोटांनी चामड्यावर बोल वाजवतो आणि डाव्या हाताच्या तळव्याने मोकळे तोंड झाकत-उघडत राहतो. जवळ बसायला मिळाले तर हा डावा हात पाहावा. घुमटातून येणारा खोल, वळणारा हुंकार त्या तळव्यातून निघतो, आणि तोंड किती झाकले, किती वेळ झाकले यावर त्याची खोली ठरते. पूर्वी या वाद्याला घोरपडीचे कातडे लावत. घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. जुने वादक आवाजातला फरक सांगतात, पण नव्या कातड्यावरही उत्तम वाजवणारी मुले गावोगावी तयार झाली आहेत.

शामेळ हे लाकडी चर्मवाद्य काठ्यांनी वाजवतात, तर कासाळे म्हणजे पितळेचे जड टाळ. घुमट, शामेळ आणि कासाळे ही तिन्ही एकत्र आली की सुंवारी वादन उभे राहते. संथ लयीत सुरू होऊन ती टप्प्याटप्प्याने चढत जाते, मध्ये गायकाचे पद येते, पुन्हा वादन वर येते आणि अचूक समेवर सारे एकदम थांबते. तिच्यात फाग, जत, चंद्रावळ अशी पदे येतात. नवख्या श्रोत्याने सुरुवातीला पदाचे शब्द पकडण्याच्या मागे लागू नये. लय कुठे बदलते आणि कोणाच्या खुणेवर बदलते हे पाहत राहावे. ती खूण बहुधा एका जुन्या वादकाच्या नजरेत असते आणि एकदा ती ओळखता आली की सारे वादन उलगडत जाते.

रोमटात वाद्ये वेगळी असतात. ढोल, ताशा आणि कासाळे यांच्या प्रचंड गजरात गुढ्या, अब्दागिऱ्या आणि रंगीत झेंडे घेऊन मेळ नाचत पुढे सरकतो आणि मधूनमधून ‘ओस्सय, ओस्सय’ असा घोष होतो. हा आवाज अंगावर येतो. लहान मुले सोबत असतील तर ढोलांच्या अगदी जवळ उभे राहू नये आणि मेळाच्या समोरून आडवे जाऊ नये. रोमट नाचता नाचता मागेही येते.

घोडेमोडणी सत्तरीची आणि डिचोलीची खास. लाकडी घोड्याचे तोंड लावलेला बांबूचा सांगाडा रंगीत कापडाने मढवून नर्तक कमरेला बांधतो, डोक्यावर फेटा आणि फुले, पायांत घुंगरू आणि उजव्या हातात उगारलेली तलवार अशा वेशात ढोल-ताशांच्या तालावर पावले टाकतो. ही मोडणी ठरलेल्या वाटेने वेशीपर्यंत किंवा दुसऱ्या देवस्थानापर्यंत जाते आणि परतते. सत्तरीच्या राणे घराण्याने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध वारंवार उठाव केले, त्यांतला दीपाजी राणे यांचा 1852 मधला उठाव सर्वांत प्रसिद्ध आहे. पुढे कुष्टोबा राणे आणि 1895 मध्ये दादा राणे यांनीही शस्त्र उचलले. घोडेमोडणीतला वीरभाव त्या परंपरेशी जोडून पाहिला जातो. वाळपईजवळच्या नाणूस येथील किल्ल्याची जागा दिवसा पाहून रात्री घोडेमोडणी पाहिली तर ही स्मृती अधिक जवळची वाटते.

माझ्या मते सत्तरीला येण्याचे सर्वांत मोठे कारण रणमाले हे आहे. घाटाच्या कुशीतल्या काही गावांतच ते टिकून आहे. चरावणे, करंझोळ, झर्मे ही त्यांतली नावे. हा विधिनाट्याचा प्रकार आहे. आरंभी नमन होते, मग गायकांचा संच मागे ओळीने उभा राहून जत म्हणतो आणि पुढच्या मोकळ्या जागेत रामायणातील प्रसंग पात्रे उभी करतात. पदांत मराठी आणि कोंकणी यांची सरमिसळ असते. मध्येच गावच्या रोजच्या जगण्यातली सोंगे येतात, लोक मनमुराद हसतात आणि पुढच्याच क्षणी गायक पुन्हा रामकथेकडे वळतात. ज्याला मराठी रंगभूमीची आवड आहे त्याने एक रात्र जागून रणमाले पाहावे. नाटकाच्या पडद्याआधी, प्रकाशयोजनेआधी प्रयोग कसा उभा राहत असेल याचे उत्तर इथे समोर दिसते.

धालोचे संगीत यापेक्षा अगदी निराळे आहे, कारण त्याला वाद्यच नसते. स्त्रिया एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफून दोन समोरासमोरच्या ओळी करतात. एक ओळ पुढे सरकत, वाकत गीताची ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. धरित्रीला आणि ग्रामदेवतांना वंदन करून खेळ सुरू होतो. गीतांचे चढउतार थोडे, पुनरावृत्ती पुष्कळ, त्यामुळे पहिली दहा मिनिटे एकसुरी वाटण्याची शक्यता आहे. तेवढा वेळ धीर धरावा. कान स्थिरावले की दोन ओळींच्या आवाजांतले अंतर आणि पावलांचा मातीवरचा ठेका ऐकू येऊ लागतो. शेवटच्या रात्री फुगड्या आणि सोंगे असतात.

चौकशी कोणाकडे करावी

प्रवासाच्या दोन महिने आधी पंचांगावरून तिथींच्या तारखा काढून ठेवाव्यात. पंधरा दिवस आधी ज्या गावी जायचे त्या ग्रामपंचायतीकडे किंवा देवस्थान समितीकडे फोनवरून चौकशी करावी. गोवा शासनाच्या कला आणि संस्कृती संचालनालयाकडे आणि साखळीच्या रवींद्र भवनाकडे लोककलापथकांची माहिती असते, त्यांच्याकडूनही गावचा माणूस गाठता येतो. केरी येथील अभ्यासक राजेंद्र केरकर यांनी सत्तरीच्या लोकसंस्कृतीवर आणि पर्यावरणावर दीर्घकाळ लेखन केले आहे, ते आधी वाचून गेल्यास काय विचारायचे हे तरी कळते.

फोनवर विचारताना ‘कार्यक्रम कधी आहे’ एवढेच विचारू नये. मांड कोणत्या वाड्यावर आहे, आरंभ रात्री किती वाजता होतो, बाहेरच्या माणसाने पाहिलेले चालते का, आणि स्त्रियांनी किंवा पुरुषांनी कुठे बसायचे, हे चार प्रश्न स्पष्ट विचारावेत. ‘रात्री नऊला’ असे उत्तर आले तरी जेवणे उरकून माणसे जमेपर्यंत अकरा वाजू शकतात, हे गृहीत धरावे. गावात कोणाचा मृत्यू झाला आणि सुतक आले तर कार्यक्रम पुढे जातो किंवा रद्द होतो. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा फोन करावा आणि शक्य असल्यास मुक्कामात एक दिवस मोकळा ठेवावा.

वाळपईला पोहोचल्यावर बाजारातल्या एखाद्या चहाच्या हॉटेलात पातळ भाजी-पाव किंवा बन खायला बसावे आणि शेजारच्याला विचारावे. सत्तरीत कोणत्या वाड्यावर आज काय आहे हे तिथे कळते, आणि ती माहिती कोणत्याही संकेतस्थळापेक्षा ताजी असते.

वाळपईपर्यंत आणि वाळपईत

पणजीहून वाळपई सुमारे 45 ते 50 किलोमीटर आहे. डिचोली-साखळीवरून किंवा फोंडा-उसगाव-होंडा या मार्गाने येता येते. कदंब परिवहनाच्या आणि खासगी बसगाड्या दिवसभर मिळतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना थिवी किंवा करमळी ही स्थानके सोयीची. बेळगावहून येणाऱ्यांनी चोर्ला घाटाने उतरून केरी-पर्ये-साखळीमार्गे वाळपई गाठावी. हा घाट पावसाळ्यात देखणा असतो, पण धुके आणि दरडी यांमुळे रात्री टाळावा.

मुक्कामासाठी वाळपई परिसरात लहान हॉटेले आणि घरगुती निवासाची काही ठिकाणे आहेत. शिगमोच्या दिवसांत ती लवकर भरतात. तिथे जागा न मिळाल्यास साखळी किंवा डिचोली येथे उतरावे, अंतर फार नाही. खरी अडचण रात्रीच्या वाहनाची असते. मांडावरचे कार्यक्रम मध्यरात्रीनंतर संपतात, रणमाले तर पहाटेपर्यंत चालते आणि त्या वेळी परतीची बस नसते. स्वतःची गाडी नसेल तर स्थानिक टॅक्सीवाल्याशी दुपारीच बोलून, परतीच्या वेळेसह भाडे ठरवून घ्यावे. चालक याच भागातला असावा. वाड्यांकडे जाणारे रस्ते अरुंद आहेत, त्यांवर दिवे नाहीत आणि रानातून जाणाऱ्या पट्ट्यांत रात्री गवे रस्त्यावर येतात. गवा समोर दिसल्यास गाडी थांबवावी, हॉर्न वाजवू नये आणि तो बाजूला होईपर्यंत वाट पाहावी.

घाटालगतच्या वाड्यांत मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्यावा, संपर्काचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत आणि सुट्टे पैसे सोबत असू द्यावेत. विजेरी, पाण्याची बाटली, बसायला चटई आणि पौषात एखादी शाल एवढे सामान पुरते.

मांडावर कसे वागावे

मांड ही देवाची जागा आहे. वर्षभर ते साधे अंगण दिसत असले तरी उत्सवाच्या दिवसांत ते सारवून, दिवा लावून पवित्र केलेले असते. त्यावर चप्पल घालून जाऊ नये आणि विचारल्याशिवाय पाऊलच ठेवू नये. पोहोचल्याबरोबर गावकरांपैकी जाणत्या माणसाला भेटून आपण कोण, कुठून आलो हे सांगावे. ‘नमस्कार, आम्ही पणजीहून आलो, तुमचे रणमाले पाहायची इच्छा आहे, कुठे बसू?’ एवढे बोलले की पुढची व्यवस्था बहुधा तेच करतात. वयाने मोठ्या स्त्रियांना मावशी किंवा वहिनी, पुरुषांना काका किंवा दादा म्हणावे. देवळात नारळ ठेवावा, तळी फिरवली गेल्यास यथाशक्ती पैसे घालावेत. गायकाच्या हातात थेट पैसे देऊ नयेत, तो गातो ते देवाचे काम म्हणून.

धालोच्या मांडावर परंपरेने पुरुष जात नाहीत. काही गावांत दूर उभे राहून ऐकू देतात, काही गावांत तेही चालत नाही. स्त्री पाहुण्यांना मात्र बहुतेक ठिकाणी आपुलकीने ओळीत ओढून घेतात. त्या वेळी संकोच करू नये, पण छायाचित्रासाठी म्हणून ओळीत शिरूही नये.

छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण यांची परवानगी आधी घ्यावी आणि मिळाली तरी तिच्या मर्यादा विचाराव्यात. कोणाच्या अंगात अवसर, म्हणजे देवाचा संचार, येतो तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा. चोरोत्सवात ‘चोर’ झालेल्यांना जमिनीत पुरण्याचा विधी असतो, त्याची चित्रे समाजमाध्यमांवर भयानक मथळ्यांसह फिरताना दिसतात. ज्या गावाने श्रद्धेने हा विधी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्याला त्यामुळे मनस्वी त्रास होतो. फ्लॅशचा उजेड रणमाल्याचा रंगही घालवतो. मुद्रण करायचेच असेल तर एका कोपऱ्यात यंत्र ठेवून फक्त आवाज घ्यावा आणि नंतर त्याची प्रत पथकाकडे पोहोचवावी. अनेक पदे लिहिलेली नाहीत, पथकातल्या मुलांना अशी प्रत शिकण्यासाठी उपयोगी पडते.

मद्य पिऊन मांडाजवळ जाऊ नये. मार्च ते मे हा काजूचा हंगाम, निरा आणि हुर्राक हे काजूचे मद्य सत्तरीत सहज मिळते, म्हणून हे स्पष्ट लिहावेसे वाटते.

दिवसा काय पाहावे

रात्री जागरण असल्याने दिवसाचा कार्यक्रम हलका ठेवावा. सकाळी उशिरा निघून एक किंवा दोन ठिकाणे पाहावीत आणि दुपारी झोप घ्यावी.

पहिला दिवस नगरगाव परिसराला द्यावा. वाळपईपासून थोड्याच अंतरावर ब्रह्मकरमळी येथे ब्रह्मदेवाचे मंदिर आहे. ही मूर्ती सोळाव्या शतकात तिसवाडी तालुक्यातील करमळीहून येथे आणली गेली. पोर्तुगिजांच्या काळात देव घेऊन घाटाच्या आश्रयाला आलेल्या लोकांचा इतिहास या गावाच्या नावातही राहिला आहे. काळ्या पाषाणाची, त्रिमुख, कोरीव प्रभावळीची ही मूर्ती निवांत पाहावी. मंदिराचा सध्याचा आकार साधा आहे, तेव्हा घाईत असलेला माणूस पाच मिनिटांत बाहेर पडतो. तसे करू नये.

साखळीच्या बाजूला हरवळे येथे खडकात कोरलेली लेणी, रुद्रेश्वराचे मंदिर आणि धबधबा हे सारे एकाच ठिकाणी आहे. लेण्यांना लोक पांडवांची लेणी म्हणतात. साखळीत राणे घराण्याशी निगडित विठ्ठल मंदिर आहे, तेही याच फेरीत होते. या भागात फिरताना सातेरीच्या देवळांत वारुळाच्या रूपातली देवी पाहायला मिळते, आणि रात्री मांडावर ज्या देवतांना नमन होते त्या इथे दिवसा भेटतात.

केरीहून चोर्ला घाटाच्या वाटेवर अंजुणे धरणाचा जलाशय दिसतो आणि आणखी वर सुर्ल गावाच्या पठाराकडे जाता येते. उन्हाळ्याच्या आरंभीही तिथली सकाळ थंड असते. गोव्यातील सर्वोच्च शिखर सोसोगड याच तालुक्याच्या पूर्व कड्यावर आहे. तिथवर जाणे हा स्वतंत्र, वाटाड्यासह करायचा उद्योग आहे, तो संगीताच्या मुक्कामात कोंबू नये. नकाशा पाहताना एक काळजी घ्यावी. पठारावरचे हे सुर्ल वेगळे आणि कदंबकालीन महादेव मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले तांबडी सुर्ल वेगळे. दुसरे धारबांदोडा तालुक्यात आहे. काळ्या बेसाल्टचे ते मंदिर गोव्यातील सर्वांत सुंदर प्राचीन वास्तूंपैकी एक असल्यामुळे एक मोकळा दिवस असेल तर तिकडे अवश्य जावे. मुले सोबत असतील तर त्याऐवजी बोंडला अभयारण्य निवडावे, ते गुरुवारी बंद असते.

हिवरे, चरावणे, पाली येथील धबधब्यांची नावे सर्वत्र ऐकू येतात. ते जोरात वाहतात पावसाळ्यात, म्हणजे संगीताचा हंगाम नसताना. त्यांतले अनेक 208 चौरस किलोमीटरच्या म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येतात. 1999 मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात जाण्यासाठी वन खात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते आणि पावसाळ्यात प्रवेश किंवा पोहणे बंद ठेवले जाते. त्या बंदीचे काटेकोर पालन करावे, कारण वर घाटात पाऊस पडला की खाली स्वच्छ ऊन असतानाही ओहोळ क्षणात भरतो. चतुर्थीला येणाऱ्यांना पाऊस ओसरता असताना हे धबधबे पाहण्याची संधी मिळू शकते. मार्चमध्ये उलट संकट असते. 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात मोठे वणवे लागले होते, तेव्हा रानात काडी पेटवणे किंवा विडी-सिगारेट ओढणे पूर्णपणे वर्ज्य मानावे.

आरोग्याची एक सूचना गांभीर्याने घ्यावी. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. गोचिडींच्या चाव्यातून पसरणाऱ्या या तापाचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका धालो आणि शिगमोचा. मांडावर बसून गाणे ऐकण्यात धोका नाही, परंतु रानात पाचोळ्यावर बसू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घालावेत, कीटकरोधक मलम लावावे आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवावेत. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वन खात्याला कळवावे. परतल्यानंतर आठवडा-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना सत्तरीच्या रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

परतताना घुमट न्यायचे असेल तर

अनेकांना एखादे घुमट घरी न्यावेसे वाटते. डिचोलीत कुंभारांची परंपरा आहे, तिथे भांडे मिळते आणि चामडे चढवून देणाऱ्याचा पत्ताही कळतो. मातीचे भांडे घेताना बोटाने टिचकी मारून पाहावी. नाद मोकळा आला तर ते नीट भाजलेले आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असतो. चामडे बकऱ्याचेच आहे याची स्पष्ट विचारणा करावी. कोणी घोरपडीचे कातडे असल्याचे सांगून जास्त किंमत मागितल्यास ते घेऊ नये, बाळगणाराही कायद्याने दोषी ठरतो. शोभेसाठी रंगवलेल्या लहान घुमटांचे चामडे सैल असते, वाजवायचे असेल तर पूर्ण आकाराचे आणि ताणून बांधलेलेच घ्यावे, आणि शक्य असेल तर आदल्या रात्री ज्याचे वादन ऐकले त्याच्याकडूनच निवडून घ्यावे.

प्रवासात मडके दोन्ही तोंडांकडून कापडाने भरून, गोणपाटात गुंडाळून हातात ठेवावे. दमट हवेत चामडे उतरते आणि आवाज बसतो. तेव्हा ते कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवावे, पावसाळ्यात विस्तवापासून अंतर राखून शेकावे, आणि चामडे पुन्हा ताणले गेले की आधी अंगठ्याने मधोमध दाबून पाहून मगच वाजवायला घ्यावे.